फेणेचा ट्टॉक

आळंदला शाळा कन्नड, घरात मराठी. सुट्टीत मामा सोलापूरहून भा. रा. भागवतांची पुस्तकं आणायचा. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि तोंडातला तो 'ट्टॉक'! मारामारीपेक्षा डोकं जास्त, म्हणून आजीलाही तो चालायचा.

2017 ची दिवाळी झाली आणि लेकाला लातूरला सोडायला गेले. बारावी, डॉक्टरकीची तयारी. तेव्हाच आदित्य सरपोतदारांचा 'फास्टर फेणे' लागला होता. निर्मिती आपल्या लातूरकडच्या देशमुखांची, रितेश-जेनेलियाची. म्हटलं, चल रे, हसून येऊ. दिवस असतानाच जेवलो आणि गेलो.

अमेय वाघचा फेणे धावतो, मार खातो, हसवतो. पण हा शाळकरी नाही. पुण्याला मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायला आलेला. तिथं ओळख झालेला मुलगा दगावतो. सगळे आत्महत्या म्हणतात, फेणेला ते पटत नाही. शोधता शोधता परीक्षेतला घोटाळाच बाहेर येतो.

शेजारी लेकाचं हसणं थांबलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, आमच्यातला एकजण दिवाळीआधीच सामान घेऊन गावी गेला. कुणी विचारलंच नाही."

मी तरी कुठं विचारायची? रोज फोनवर मार्क तेवढे.

"नंबर आहे ना त्याचा? लाव बघू."

पोरानं फोन उचलला. दोघं अर्धा तास बोलले.

फेणेची ओळख एका दिवसाची, तरी त्यानं विचारपूस सोडली नाही. बायांनो, मार्क कळतातच हो. आधी पोराला विचारा, आज कुणाशी बोललास?