पाणी कुठे वळतं : महाबळेश्वरची दैनंदिनी, भाग दुसरा

सोमवार, क्षेत्र महाबळेश्वर

पंचगंगेच्या देवळात सकाळी गर्दी नसते. गोमुखातून पाणी कुंडात पडत होतं आणि एक आजी कळशी भरून घेत होत्या. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाची नद्या इथे शेजारी शेजारी उगम पावतात, अशी श्रद्धा आहे. भागीरथी दर बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते असंही मानतात. नकाशात या नद्यांचे उगम निरनिराळ्या घळींत दाखवलेले असतात. तरी देवळाची मांडणी मला खरीच वाटते, कारण या एका डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणीच त्यांच्यात वाटलं जातं.

माथ्यावर जांभ्याचा थर आहे. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे कोसळतो, त्यातला बराच हा सच्छिद्र दगड मुरवून घेतो. खालच्या काळ्या बसाल्टपाशी पाणी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतं. म्हणून आता, मार्गशीर्षातही, गोमुखाची धार तुटलेली नाही. गावात जिथे तिथे आवारं सिमेंटने बंद होताना दिसतात तेव्हा मला याच धारेची काळजी वाटते. हा परिसर २००१ साली पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. त्या नियमांकडे लोक बांधकामातली अडचण म्हणून बघतात. खरं तर ती इथल्या पिण्याच्या पाण्याची तरतूद आहे.

पाच मिनिटांच्या पायवाटेवर कृष्णाबाईचं देऊळ आहे. काळा दगड, शेवाळलेलं कुंड, समोर कृष्णेचं खोरं मोकळं. मोठ्या देवळात आलेल्यांपैकी फार थोडे इथवर येतात. एकच जागा बघायला वेळ असेल तर मी हीच सांगेन.

दुपारी जांभूळ, अंजनी, हिरड्याच्या रानातून ऑर्थर सीटपर्यंत चालत गेले. वाटेत शेकरू दिसलं, तांबूस, झुपकेदार शेपटीचं. या कड्याचं जुनं नाव मढीमहाल. ऑर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्हं मूल सावित्रीच्या पाण्यात बुडून गेलं आणि तो इथे बसून त्या नदीकडे बघत राही, अशी हकीकत सांगतात. कड्याखालच्या उताराला 'वाघाचं पाणी' नावाचा झरा आहे. तोच सावित्रीचा उगम, असं मानतात.

कड्यावर उभं राहिलं की डावीकडे सावित्रीची खोल दरी. उजवीकडे जोरचं रान, कृष्णेच्या बाजूचं. डाव्या अंगाला पडलेला थेंब कोकणात उतरून बाणकोटला समुद्राला मिळतो. सरळ रेषेत ते अंतर साठेक किलोमीटर. उजवीकडचा मात्र महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असा सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात जातो. मधल्या धारेची रुंदी काही पावलांची. या धारेवर मी बराच वेळ बसले होते. पुढचे दिवस कुठे जायचं ते तिथेच ठरलं. पॉइंटांची यादी बाजूला ठेवायची आणि पाण्यामागे जायचं.

मंगळवार, पार आणि प्रतापगड

आंबेनळी घाटाने कुंभरोशीला उतरून आधी पार गावात गेले. इथे कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे आणि तो आजही वापरात आहे. नदी अजून लहान, ओढ्यासारखी. रामवरदायिनीच्या देवळात थोडं बसून मग गडावर चढले.

प्रतापगड १६५६ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मोरोपंत पिंगळ्यांनी उभा केला, आणि तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, अफझलखानाचा प्रसंग घडला. बुरुजावरून पूर्वेला जावळीचं खोरं आणि पश्चिमेला पोलादपूरकडे पडत जाणारे डोंगर दिसले आणि गडाची जागा हीच का, ते उमगलं. देशावरून कोकणात उतरायची वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती दोन्ही मुलूख.

बुधवार, लिंगमळा

पाय दुखत होते. वेण्णा तलावावर गर्दी व्हायच्या आत फेरी मारली. १८४२ मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधलेला हा तलाव. इथून निघालेली वेण्णा लिंगमळ्याला कड्यावरून खाली झेपावते. धार आता बारीक झाली आहे, पण तिच्या मागचा सगळा कडा नजरेत येतो, जो पावसाळ्यात धुक्यात असतो.

परतताना स्ट्रॉबेरीच्या मळ्यात थांबले. गादीवाफे, त्यावर मल्चिंग पेपर, खालून ठिबकच्या नळ्या. पहिला तोडा सुरू होता. शेतकरीण म्हणाली, "थंडी पडू दे ताई, मग गोडी बघा."

गुरुवार, तापोळा

रस्ता वळणं घेत खाली उतरतो आणि एका वळणावर शिवसागर समोर येतो. कोयना धरणाचा हा जलाशय, क्षमता सुमारे १०५ टीएमसी. सकाळी पाण्यावर धुकं होतं आणि डोंगरांचे नुसते माथे वर आलेले.

लाँचमधून कांदाटीच्या बाजूला गेले. सोबत किराणा, सिमेंटच्या दोन गोण्या, शाळेचे एक गुरुजी आणि बाजार करून निघालेल्या दोघी बायका. आपण ज्याला बोटिंग म्हणतो ती इथल्या लोकांची एसटी आहे. लाँच चालवणारे काका पाण्याकडे हात करून म्हणाले, "जुना गाव ह्याच्याखाली हाय. आमची भातखाचरं, देऊळ, समदं. मे महिन्यात पाणी उतरलं की आमचा बा चौथरा दाखवायचा." धरण साठच्या दशकात झालं. खोऱ्यातली कितीतरी गावं उठून दूरच्या जिल्ह्यांत गेली. जी राहिली ती डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली, आणि पलीकडच्या तीरावर जायला त्यांना लाँच लागू लागली.

सोमवारी कड्यावर बघितलेला हिशेब इथे उलटतो. कोयना निसर्गाने पूर्वेची नदी. दक्षिणेला वाहत हेळवाकला ती वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पण जलाशयाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेलं आहे. पोफळीच्या भूमिगत वीजघरात ते कोसळतं, वीज करतं, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. सगळे टप्पे मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅट. मुंबई-पुण्याच्या घरांत दिवा लागतो त्यात या खोऱ्यातल्या भातखाचरांचा वाटा आहे, आणि ते त्या घरांत कुणीतरी सांगत राहायला हवं. मी लहानपणी भूगोलात 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' असं कोयनेबद्दल पाठ केलं होतं. त्या पाठात लाँचची वाट बघत धक्क्यावर बसलेली माणसं असायला हवी होती.

दुपारी पलीकडच्या गावात नाचणीची भाकरी आणि जलाशयातल्या माशाचं कालवण जेवले. घरच्या मावशींनी पैसे घेतले, पण वरून वरीचे तांदूळ बांधून दिले. परतीची लाँच चारची होती. ती चुकली तर मुक्काम पडतो, म्हणून गुरुजी आधीच धक्क्यावर येऊन बसले होते.

शुक्रवार, वाई

पाचगणी ओलांडून पसरणी घाट उतरताना रान विरळ होत गेलं. महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी पाऊस पाचगणीत आणि वाईत तर हजार मिलिमीटरही नाही. जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये सह्याद्री ढग रिकामे करून टाकतो. म्हणून खालच्या ऊस-हळदीला वरून वाहत येणाऱ्या कृष्णेचाच आधार, आणि वरच्या बाजूला धोमला धरण.

ढोल्या गणपतीच्या देवळाला प्रदक्षिणा घातली ती मागची भिंत बघण्यासाठी. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये हे देऊळ नदीच्या अगदी पात्रालगत बांधलं आणि मागचा भाग माशाच्या आकाराचा ठेवला, म्हणजे पुराचं पाणी दोन बाजूंना फाकून जावं. नदीपासून लांब पळायचं नाही आणि तिच्याशी झुंजायचंही नाही, असा विचार करणारे गवंडी इथे होते याचा मला फार आनंद झाला. घाटाच्या पायऱ्यांवर मुलं पोहत होती. संध्याकाळी मेणवलीला जाऊन नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट आणि तिथली वसईच्या मोहिमेतून आलेली प्रचंड घंटा बघितली.

उद्या सकाळच्या एसटीने साताऱ्याला. संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला येऊन मिळते. तिथून कऱ्हाडला जायचं आहे, प्रीतिसंगमावर. पारच्या पुलाखाली ओढ्याएवढी दिसलेली कोयना तिथे कृष्णेला समोरासमोर येऊन भिडते.