भांडाराची नोंदवही आणि बारावीचे वर्ष

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहावे, असा निरोप आला तेव्हा विषयाची निवड संपादक मंडळाने माझ्यावरच सोपवली होती. मात्र निरोप आणणाऱ्या बाईंनी जाता जाता सांगितले, की सध्या बारावीत असलेल्या मुली एकच प्रश्न विचारत असतात : "पुढे काय घ्यायचे?" हा प्रश्न २००३ साली मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला कसे मिळाले आणि त्यासाठी कोणी काय सोसले, एवढेच येथे प्रामाणिकपणे सांगावे, असे ठरवले.

माझे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दिवाळी आटोपली की मुकादमाचा ट्रक गावात येई आणि होळीच्या पुढेमागेपर्यंत आमच्या घराला कुलूप लागे. आई-आण्णांचा एक 'कोयता' धरला जाई. त्यापोटी हंगामाआधीच उचल घेतलेली असे आणि ती फिटेपर्यंत परतणे नसे. थोरल्या बहिणीची शाळा फडावरच्या खोपटात धाकट्या भावंडांना सांभाळताना सुटली. माझी सुटू नये म्हणून आण्णांनी मला पाचवीतच या निवासी शाळेत आणून सोडले. त्यामुळे ज्या महिन्यांत इतर मुलींना घर आठवे, त्या महिन्यांत मला आठवायला उघडे घरच नसे. वसतिगृह हेच घर, भन्तेजी, अधीक्षिकाबाई आणि स्वयंपाकघरातल्या मावश्या हीच घरची माणसे.

मी डॉक्टर व्हावे, असे दहावीच्या निकालाच्या दिवशीच ठरले. ते कोणी ठरवले हे मला आजही सांगता येणार नाही. गुण चांगले होते, टाळ्या वाजल्या, आण्णांच्या गळ्यात कोणीतरी हार घातला आणि "पोरगी डॉक्टर होणार" हे वाक्य उच्चारले गेले. त्यानंतर ते मागे घेणे कोणाच्याच हाती उरले नाही. विज्ञान शाखेत मी जीवशास्त्र आणि गणित असे दोन्ही विषय घेतले. जीवशास्त्र घरासाठी होते. गणिताचे कारण मात्र मला तेव्हा सांगता आले नसते.

ते कारण भांडारघरात होते. आपल्याकडे मोठ्या मुलींना पाळीने भांडाराची नोंद ठेवावी लागते. अकरावीत ती पाळी माझ्याकडे आली आणि पुढे माझ्याकडेच राहिली. सकाळी किती ज्वारी काढली, किती तांदूळ शिजला, किती ताटे झाली, किती अन्न उरले, हे लिहायचे एवढेच काम. तीन महिन्यांच्या नोंदी साठल्यावर एका दुपारी मी सहज त्यांची वारांप्रमाणे मांडणी केली. पालकांच्या भेटीच्या रविवारी रात्री सर्वांत जास्त भाकरी उरत होत्या आणि सोमवारी सकाळी पोहे नेहमी कमी पडत होते. भेटीला आलेले पालक शिदोरी आणत, त्यामुळे रात्री मुली जेवत नसत आणि सकाळी भुकेल्या उठत. मी मावशींना भीतभीत सुचवले, की भेटीच्या रविवारी पीठ एक तृतीयांश कमी भिजवावे. त्या हसल्या, पण त्यांनी तसे केले. त्या रात्री भाकरी जेमतेम चार उरल्या. त्या चार भाकऱ्यांचा आनंद मला दहावीच्या निकालापेक्षा अधिक झाला होता, हे मी तेव्हा कोणालाही सांगितले नाही.

बारावीच्या जानेवारीत पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि भौतिकशास्त्रात मी नापास झाले. आई-आण्णा तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडावर होते. त्यांच्यापर्यंत बातमी पोचवण्याचा मार्ग नव्हता, याचे मला समाधान वाटले आणि त्या समाधानाची लाजही वाटली. भारनियमनामुळे संध्याकाळचे दिवे जात. कंदिलाभोवती पाचसहा जणी बसून आम्ही अपेक्षित प्रश्नसंच पाठ करत असू. पाठ होई, पण गुण वाढत नसत.

अशा वेळी गणिताच्या सरांनी मला एक साधी गोष्ट करायला सांगितली. ते म्हणाले, "भाकरी मोजतेस, तशा चुका मोज." मी एक वेगळी वही केली. प्रत्येक सराव उत्तरपत्रिकेतला गमावलेला प्रत्येक गुण चार रकान्यांपैकी एकात मांडायचा : विषय कळला नव्हता, सूत्र आठवले नाही, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही किंवा वेळ पुरला नाही. पंधरा दिवसांनी बेरीज केली, तेव्हा मी थक्क झाले. मला भौतिकशास्त्र येत नाही, असे सारे समजत होते आणि मीही समजत होते. परंतु निम्म्याहून अधिक गुण शेवटच्या रकान्यात गेले होते. पहिल्या मोठ्या प्रश्नाच्या सिद्धतेतच मी इतकी गुंतून जाई, की अखेरचे दोन प्रश्न वाचायलाही वेळ उरत नसे. मग मी पाठांतराचे तास कमी केले, घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवू लागले आणि पहिली पाच मिनिटे केवळ वाचनासाठी राखून ठेवली. पहाटेच्या वंदनेनंतर भन्तेजी आमच्याकडून दहा मिनिटे आनापान करून घेत. त्याने गुण वाढतात असे त्यांनी कधी सांगितले नाही. पण कागद हाती येताच होणारी धावाधाव थांबवून आधी एक श्वास पाहायचा, ही सवय मला तेथेच लागली.

त्याच दिवसांत सरांनी मला आणखी काही आकडे दाखवले. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या भारतातील बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे ३२ लाख ५० हजारांवर गेली आणि त्यांतील जवळपास २८ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. "या दोन आकड्यांच्या मधे काय आहे?" सरांनी विचारले. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आम्हां मुलींना झोपेतही सांगता आली असती. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची भाषणे मी ऐकली होती, स्वतः केलीही होती. पण तो इतिहास असा दोन आकड्यांत उभा राहू शकतो, हे मी प्रथमच पाहत होते. सर पुढे म्हणाले, की अनुसूचित जातींच्या केंद्रीय सूचीत बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. म्हणजे १९६१ साली दारात उभे राहून ज्यांनी 'बौद्ध' असे लिहवून घेतले, त्यांच्यापुढे केंद्राच्या सवलती गमावण्याची शक्यता उभी होती. तरीही त्यांनी लिहवून घेतले.

आजी फडावर जात नसे. ती मामाकडे असे. संक्रांतीनंतर ती मला भेटायला आली, तेव्हा मी तिला विचारले. ती बराच वेळ आठवत राहिली, मग म्हणाली, "आला व्हता एक मास्तर, मोठा कागुद घेऊन. तुझा आजा कामावर गेल्याला. मी म्हनलं, बौद्ध. तर म्हनला, आदीचं काय ते सांग. मी म्हनलं, आदीचं आदी गेलं, आता बौद्ध. मग त्यानं लिवलं. मला वाचाया येत न्हाई, म्हून म्हनलं, काय लिवलं ते मोठ्यानं वाचून दाखीव. दाखीवलं त्यानं."

त्या रात्री मी सरांच्या २८ लाखांकडे पुन्हा पाहिले. त्या आकड्यात माझी आजी होती. तिला एक अक्षरही वाचता येत नव्हते, पण तिने एका सरकारी कागदावरची नोंद बरोबर करवून घेतली होती. मला काय शिकायचे आहे, हे मला त्या रात्री कळले. मात्र कळणे आणि बोलणे यांत पाच महिन्यांचे अंतर पडले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली, मे महिन्यात सामायिक प्रवेश परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला. बारावीत मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. भौतिकशास्त्रातही बरे गुण होते आणि गणितात सर्वाधिक. पण प्रवेश परीक्षेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची राखीव जागा मिळण्याइतके गुण पडले नाहीत. घरी सल्ल्यांची रीघ लागली. कोणी म्हणे, डी.एड. कर, दोन वर्षांत शिक्षणसेवक होशील. कोणी खाजगी आयुर्वेद महाविद्यालयाचे नाव सांगे. आण्णांचे मात्र ठरलेले होते. पुढचे वर्ष पुन्हा परीक्षेसाठी द्यायचे, लातूरला शिकवणी लावायची आणि त्यासाठी मुकादमाकडून दहा हजारांची जादा उचल घ्यायची. त्यांनी मुकादमाला शब्दही दिला होता.

मी शाळेत आले आणि भन्तेजींना सारे सांगितले. निर्णय त्यांनी द्यावा, अशी माझी इच्छा होती. त्यांनी तो दिला नाही. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी केलेल्या उपदेशाची त्यांनी मला आठवण करून दिली : ऐकीव आहे म्हणून, चालत आले आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नये, स्वतः पारखून पाहावे. मग ते म्हणाले, "म्हणून मी सांगतो यासाठी तू संख्याशास्त्र घेऊ नकोस आणि आण्णा सांगतात यासाठी वैद्यकही घेऊ नकोस. पण पारखताना त्यांचे कष्ट हिशोबात धर."

मी तो हिशोब शब्दशः केला. टनामागे मजुरी किती, दोघे मिळून दिवसाला किती टन तोडतात, त्यातून मुकादमाचे कमिशन किती जाते, हे मला ठाऊक होते. दहा हजार फेडण्यासाठी हंगामाचा जवळजवळ निम्मा काळ निव्वळ माझ्या शिकवणीपोटी जाणार होता. आणि इतके करून, जो विषय मला रात्री जागे ठेवत नाही, त्याच्यासाठी मी पुन्हा त्याच परीक्षेला बसणार होते.

लिंबाखाली बसून मी ती वही आण्णांना वाचून दाखवली. ते अक्षरशत्रू नव्हते, चौथीपर्यंत शिकले होते. तरी त्यांनी मलाच वाचायला लावले. वाचून झाल्यावर ते उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईने एवढेच म्हटले, "तू त्यांचं सपान मोजलंस गं." हे वाक्य मला आजही टोचते, कारण ते खरे आहे.

तिसऱ्या दिवशी आण्णा माझ्यासोबत शाळेत आले. त्यांनी सरांना सरळ विचारले, "ह्या शिक्षणानं नोकरी लागंल का?" सरांनी खोटा दिलासा दिला नाही. ते म्हणाले, "खात्री देत नाही. पण हिला या कामासाठी कोणी मागे लागावे लागत नाही, हे मी दोन वर्षे पाहिले आहे." आण्णांनी भांडाराची नोंदवही मागवली, पाने चाळली आणि प्रवेश अर्जावर सही केली. औरंगाबादच्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. समाजकल्याण खात्याच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, भारत सरकार शिष्यवृत्ती मिळाली. त्या वर्षी जादा उचल घेतली गेली नाही.

आज मी राज्य शासनाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात काम करते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत नमुना सर्वेक्षणासाठी एका वस्तीत गेले होते. निवडलेल्या कुटुंबांपैकी काहींच्या दारांना कुलपे होती. अशा वेळी बदली कुटुंब घेण्याची नियमात सोय असते. पण बदली म्हणून मिळते ते गावात राहणारे कुटुंब. जे स्थलांतर करते, त्याचे जिणे कागदावरून अलगद नाहीसे होते. जनगणनाही नेमकी फेब्रुवारीत, ऐन हंगामात झालेली आहे. माझ्या तरुण सहकाऱ्याने 'घर बंद' एवढे लिहून पुढे पाऊल टाकले. मी त्याला थांबवले, शेजारी चौकशी केली आणि कुटुंब केव्हा गेले, कोठे गेले, केव्हा परतेल हे शेऱ्यात लिहवून घेतले. त्या कुलपांमागे काय असते, हे मला पुस्तकाने शिकवले नव्हते. आणि ते कागदावर कसे आणावे, हे मला घरात शिकता आले नसते.

बारावीच्या मुलींना मी एवढेच सांगेन, की गुणांच्या यादीत आपला क्रमांक जेथे लागतो, ती आपली वाट असेलच असे नाही. कोणी न सांगता, कोणी न तपासता तुम्ही जे काम मनापासून करता, त्याच्याकडे एकदा नीट पाहा. पालकांना विनंती आहे, की मुलीने वही पुढे केली, तर ती वाचा. दोन दिवस अबोला धरा हवे तर, पण तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत शाळेत या.

आण्णा आता थकले आहेत. गावात कोणी विचारले, पोरगी काय करते, तर ते अजूनही क्षणभर थांबतात. मग म्हणतात, "माणसं मोजती." आजी असती तर तिने विचारले असते, बरोबर लिहिते का? त्या प्रश्नाचे उत्तर मला रोज कार्यालयात द्यावे लागते.

जय भीम.

— एक माजी विद्यार्थिनी, विज्ञान शाखा, २००३