जरा सरकून घे

घाटाखाली, नांदुरा-मोताळ्याच्या पट्ट्यात बरीच मुलं सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात आणि आठवीला मोठ्या गावच्या हायस्कुलात येतात. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात तेव्हा एकाच वर्गात कितीतरी गावं येऊन बसतात. मुली मानव विकास योजनेच्या निळ्या बसमधून उतरतात, मुलं सायकलीने किंवा एसटीच्या पासावर येतात. गावच्या शाळेत ज्याला सगळे नावानिशी ओळखत होते, तो पोरगा इथे दारातच अडखळतो. कुणाशेजारी बसायचं?

‘अरे, बोलत जा की,’ असं सांगून तो बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं अनेक शाळांत तक्त्यावर असतात. यादी चांगली आहे. पण ती पाठ करून कुणी बोलकं झालेलं मी पाहिलं नाही. मुलाला हवं असतं ते वाक्य, आणि ते तोंडातून काढून पाहायला जागा.

म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेत मी प्रसंग उभे करायला लावते. प्रसंग अगदी साधे. तासाला मध्येच लघवीला जायची परवानगी मागणं. बेरजेत राहिलेला गुण सरांना दाखवणं. सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी पुढे करणाऱ्या मित्राला नाही म्हणणं. राज्यात गुटखाबंदी 2012मध्ये आली, तरी ‘घे ना बे’ म्हणणारा मित्र असतोच. ‘तंबाखू आरोग्यास घातक आहे’ हे त्याला द्यायचं उत्तर नव्हे. ‘नाही लागत मले. चाल, ग्राउंडवर जाऊ,’ हे उत्तर. नकाराला लागूनच सोबत देऊ केली की मैत्रीही टिकते.

उसनी दिलेली कंपास परत मागायचा प्रसंग मला फार आवडतो. एक मुलगी पहिल्यांदा बाकाकडे बघतच पुटपुटली. समोरचीला ऐकूच गेलं नाही. मी म्हटलं, आधी तिचं नाव घे, ती बघेपर्यंत थांब, मग माग. दुसऱ्या खेपेला आवाज चढला, भांडणच वाटलं. मग तिने ओढणी सारखी केली, नाव घेतलं, थांबली आणि म्हणाली, ‘माही कंपास दे ना वं, आता भूमितीचा तास हाय.’ समोरचीचा हात आपसूक दप्तरात गेला. हा सराव वऱ्हाडीतच व्हायला हवा. प्रमाण भाषेत घोटलेलं वाक्य मधल्या सुट्टीत जिभेवर येत नाही.

जो पुढे यायला धजत नाही, तो आधी नुसता बघतो. बघूनही माणूस शिकतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1960च्या दशकातल्या प्रयोगांतून दाखवलं. अबोल स्वभाव हा दोषही नाही. आणि जातीवरून किंवा अंगावरून छळ चालला असेल, तर मुलाला उत्तर शिकवून भागत नाही. तिथे शिक्षकानेच मध्ये पडलं पाहिजे.

खरं सांगायचं तर अर्धं शिक्षण आधीपासून बसलेल्यांचं असतं. बाकावर तिघी गप्पा मारतायत आणि चौथी येऊन उभी राहते. मी त्या तिघींकडून सराव करून घेते. दप्तर उचला, सरका, तिचं नाव विचारा आणि गोष्ट कशाची चालली आहे ते तिला सांगा. यातलं शेवटचं बहुतेकजण विसरतात. मग ती चौथी बाकावर बसूनही बाहेरच राहते. येणारीच्या धीटपणावर सगळा भार टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. घरी पाहुणे आले आणि त्यांनी लेकराला ‘कितवीत आहेस?’ असं विचारलं, तर उत्तर तुम्ही देऊ नका. थोडा वेळ लागेल. लागू द्या.