मूळ गाव

खामगावात नव्या माणसाला पहिला प्रश्न नावाचा विचारतात आणि दुसरा, "मूळचे कुठले?" मौज अशी की, विचारणाऱ्याचे आजोबा-पणजोबाही बहुधा बाहेरूनच आलेले असतात. हे गाव कापसाने मोठे केले. जलंबहून खामगावला येणारा तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो कापसासाठी. जाताना गाठी गेल्या, येताना माणसे आली. मारवाडी आले, गुजराथी आले, फाळणीनंतर सिंधी आले. तरीही वर्गात भांडण जुंपले की कुणीतरी कुणाला 'बाहेरचा' म्हणतोच, आणि ज्याला म्हणतात त्याचा चेहरा क्षणात उतरतो. मराठीच्या मास्तराला शब्दांची सवय असते. पण या एका शब्दाची मला अजून सवय झालेली नाही.

आमच्या जिल्ह्याचा सारा भूगोल दोन शब्दांत मावतो: घाटावर आणि घाटाखाली. आम्ही घाटाखालचे. दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर आहे. ही डोंगररांग पश्चिमेकडे चालत चालत चाळीसगावच्या दक्षिणेस पाटण्याला पोचते. जलंबला मुख्य मार्गावरची गाडी धरावी. नांदुरा, मलकापूर, भुसावळ, जळगाव मागे टाकावे आणि चाळीसगावला उतरावे. लोक तेथून पाटणादेवीच्या दर्शनाला जातात, पितळखोऱ्याची लेणी पाहतात. जाणते असतील ते भास्कराचार्यांच्या नातवाच्या शिलालेखाची चौकशी करतात. मी गेलो तो मात्र एका अंड्याच्या कवचापायी!

पाटण्याला १९७०नंतरच्या काही वर्षांत पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. थरांखाली थर निघाले. दगडी हत्यारे निघाली, बारीक धारदार पाती निघाली. आणि त्यांच्याबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेला एक तुकडा निघाला. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. त्या काळी या मुलखात शहामृग धावत होते. शिकारीच्या धावपळीतही कुणीतरी कवच घासून, भोक पाडून मणी ओवीत बसले होते. तेथे डोळ्यांना दिसायला डोंगर आणि झाडीच आहे. पण त्या मण्याचा विचार मनातून जात नाही. कारण असेच मणी आफ्रिकेत याच्याही कितीतरी आधी होत असत.

आपण सारे मूळचे आफ्रिकेचे. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची आपल्या जातीच्या माणसांची हाडे मोरोक्कोत सापडली आहेत. साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी तेथून काही टोळ्या बाहेर पडल्या आणि आज जगभर पसरलेली माणसे मुख्यतः त्यांचे वंशज. ही काही मोहीम नव्हती. पाणी आटले, शिकार सरकली, की पुढच्या नदीवर मुक्काम! पूर्व आफ्रिकेपासून खानदेशापर्यंतची वाट सहा हजार किलोमीटरची धरा. एका पिढीने फक्त खामगाव ते जलंब एवढेच अंतर पुढे सरकायचे ठरवले, तरी साडेचारशेहून थोड्या अधिक पिढ्यांत, म्हणजे साडेअकरा हजार वर्षांत, माणूस येथे पोचतो. कुणालाही आपण प्रवास करतो आहोत असे वाटले नसेल. त्यांचे भाईबंद तराफ्यांवरून समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियाला गेले आणि बर्फाने समुद्राची पातळी उतरली तेव्हा आशियातून अमेरिकेत शिरले.

आणि माणसेच का? वऱ्हाडी जेवणाची ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून, म्हणजे मूळची अमेरिकेची. भाकरी आणि ठेचा यांना मात्र कुणी मूळ गाव विचारीत नाही. दोघी एका ताटात सुखाने नांदतात.

'मूळचे कुठले?' हा प्रश्न मी आजही विचारतो. ओळख वाढवायला तो चांगला आहे. फक्त तो विचारताना आवाजात दटावणी नको, पाहुण्याला पाणी पुढे करतानाचा जिव्हाळा असावा. दिवाळीत दारी येणाऱ्याला तेवढा मान तर आपण देतोच.