अठरा एमबीची पाहुणी

जून लागला की हिंगणघाटच्या माझ्या ऑनलाइन सेंटरात ही येतेच. कुणाच्या तरी पोरीच्या मोबाइलमधून, धापा टाकत. जात पडताळणीची पीडीएफ. बारा पानं, अठरा एमबी. आजोबांचा दाखलखारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, वंशावळीचं शपथपत्र. अर्जाची खिडकी म्हणते, एक एमबीच्या आत या.

"भाऊ, हे काऊन जाऊन नाही राहिलं?"

जाणार कसं? बाईंना काही टाकवतच नाही. कागदावर शाई चिमूटभर, पण सतरंजीची किनार, अंगठ्याची सावली, घडीचा पिवळेपणा, सगळं पदरात बांधून आणलेलं. ए-फोर पान ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. रंगाचे तीन बाइट धरले तर न दाबता एकच पान २६ एमबी.

तिची धाकटी बहीण कॉम्प्युटरवरच टाइप होऊन आलेली, शेलाटी. तिच्यात अक्षर हे अक्षरच असतं, फोटो नसतो. डिजिटल सहीचा सातबारा आला तर त्याला मात्र हात लावत नाही. फाइल बदलली की सही मोडते.

हिचं वजन उतरवायचं म्हणजे आधी सतरंजी कापायची. मग १५० डीपीआय. लांबी-रुंदी निम्मी झाली की ठिपके चौथाईवर येतात. शपथपत्राचा रंग काढून टाकतो. उताऱ्याचा नाही काढत, कारण शाळेचा जांभळा शिक्का करडा झाला की खालच्या अक्षरांत बुडतो. शेवटी जेपीईजीचा दाब. हा गडी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतो आणि दाब जास्त झाला की अक्षरांभोवती माशा बसल्यासारखे डाग उठतात. एकदा दाबलेली पुन्हा दाबायची नाही, मूळ फाइलीपासूनच सुरू करायचं. फुकट वेबसाइटवरही होतं हे सगळं, पण कुणाची वंशावळ तिथं चढवायला माझा हात धजत नाही.

बारीक झालेली ही दिसते मोठी नीटनेटकी. भीती तिथंच आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन माणसानं दाखवलं की झेरॉक्सच्या काही यंत्रांत स्कॅन केलेल्या कागदावरचे आकडेच बदलत होते, इंग्रजी सहाच्या जागी आठ. जेबिग-टू नावाची पद्धत सारखे दिसणारे आकार हुडकते आणि एकच ठसा सगळीकडे वापरते. डाग नाही, धूसरपणा नाही, स्वच्छ खोटं. आणि आम्ही तर प्रत्येक नकलेला झेरॉक्सच म्हणतो!

इतर मागासवर्गासाठी मानीव तारीख १३ ऑक्टोबर १९६७, म्हणजे जातीचा पुरावा त्याआधीचा हवा. पोरीच्या आजोबांचं नाव शाळेत पडलं १९६६ साली. हातानं लिहिलेला शेवटचा सहा दाबाखाली फुगला आणि पडद्यावर नऊसारखा दिसायला लागला. १९६९ वाचलं गेलं तर कागद कामातून गेला.

ते पान मी पुन्हा मुळातून घेतलं, २०० डीपीआयवर ठेवलं, आणि जागा शपथपत्रातून काढली. स्टॅम्पपेपरवरची नक्षी थोडी विस्कटली तर विस्कटली. ९४० केबी. चढवण्याआधी तो आकडा पडदाभर मोठा केला आणि स्क्रीन पोरीकडे वळवली.

तिनं काचेवर बोट टेकवलं, वाकून पाहिलं.

"सहाच हाये जी."