लावणीच्या थोरल्या बायांविषयी

प्रिय शैला,

तुझ्या तिथल्या मैत्रिणी म्हणतात ना, लावणी म्हणजे विशी-पंचविशीतलं काम? त्यांना यमुनाबाई वाईकरांबद्दल सांग.

१९१५चा जन्म, कोल्हाटी समाजातला. लहानपणी पोटासाठी रस्त्यावर गायल्या, लावणी आईकडून शिकल्या. बैठकीची लावणी ही त्यांची खरी ओळख. तिच्यात चाळांचा दणदणाट नसतो. पेटी-तबल्याच्या साथीला बाई बसूनच गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर खेपेला तिचा अर्थ पालटतो. आधी रुसवा, मग आर्जव, मग नुसतं वाट बघणं. भुवई, बोटं, मानेचा कल, भांडवल एवढंच. अंगात चपळाई आहे म्हणून हे साधत नाही. त्यासाठी आयुष्य बघितलेलं असावं लागतं. म्हणूनच अदाकारी वयानं पिकते असं मला अगदी मनापासून वाटतं. बाई १०२ वर्षं जगल्या, २०१८ साली गेल्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५चा, आणि पद्मश्री २०१२ला, वयाच्या ९६व्या वर्षी! किती उशीर गं हा!

सुलोचना चव्हाणांचंही तेच. गिरगावातली ही बाई डोक्यावरचा पदर ढळू न देता माइकपुढे उभी राहायची आणि नुसत्या आवाजानं थिएटर हलवायची. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. पद्मश्री मात्र २०२२ साली मिळाली आणि त्याच डिसेंबरात त्या गेल्या.

विठाबाई नारायणगावकरांविषयी लिहिताना हात थांबतो. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, हे तमाशातला प्रत्येक जण सांगतो. त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तरी शेवटचे दिवस ओढगस्तीतच गेले. २००२मध्ये त्या गेल्या आणि आता त्यांच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार हवाच, पण आजारपणात औषधाला पैसे असणं त्याहून आधी हवं. त्यांची लेक मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि वर्षानुवर्षं चालवला. मालकीण, नायिका, बिऱ्हाड सांभाळणारी, सगळं एकाच बाईनं! त्या कष्टांना मी कलेपासून वेगळं काढूच शकत नाही.

एक मागणं आहे. पुढच्या खेपेला डिसेंबरात न येता पाडव्याच्या सुमाराला ये. तेव्हा नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. आपण जवळच्या एखाद्या जत्रेला जाऊ आणि गणापासून वगापर्यंत सगळा तमाशा बसून बघू. मधेच उठायचं नाही हं!

तुझी,
नलू