आधी तपास, मग ठपका

तेरीज जुळली नाही, म्हणून जाणता मुनीम फरकाची रक्कम कोणाच्या तरी खात्यावर टाकून मोकळा होत नाही. तो आधी कीर्द पाहतो, मग खतावणी, मग बेरजा. जेथपर्यंत हिशेब खरा आहे तेथपर्यंत खूण करतो आणि पुढे सरकतो. व्यापारी घरांत ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते. मात्र दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या बाबतीत तीच घरे पुष्कळदा अंदाजावर चालतात आणि अंदाजाचे पैसे मोजतात. कधी पैशांहून अधिकही काही मोजावे लागते. डहाणूतील एका घाऊक किराणा पेढीला ते गेल्या पावसाळ्यात उमगले.

या पेढीचा माल तलासरी तालुक्यातील गावोगावच्या दुकानांत जातो. वसुलीसाठी शेठ आठवड्यातून दोनदा मोटारीने निघत. आशागडवरून चारोटी नाका, तेथून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने महालक्ष्मी, धुंदलवाडी, दापचरी करीत तलासरी. गाडी पेट्रोलवरची, दहा वर्षे जुनी. चालक तलासरीजवळच्या पाड्यावरचा वारली तरुण. सहा वर्षे पेढीच्या नोकरीत. श्रावणात गाडीने नवीच खोड काढली. सकाळी चावी फिरवताच ती सुरू होई, वीस मिनिटे नीट चाले, मग चढावर जोर ओसरे आणि इंजिन बंद पडे. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होई, जणू काही घडलेच नाही.

महामार्गावर असे बंद पडणे ही नुसती गैरसोय नव्हे. इंजिन थांबताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. मागून भरधाव कंटेनर येत असतात. चालकाने तिन्ही वेळा गाडी डाव्या कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले, त्रिकोणी फलक मागे लांबवर मांडला आणि शेठना संरक्षक कठड्यापलीकडे उभे केले. त्या वेळी ही तत्परता कोणाच्या ध्यानात आली नाही.

घरात अंदाज सुरू झाले. बॅटरी बदलली, फरक पडला नाही. प्लग बदलले, फरक पडला नाही. दोन्ही खर्च झाल्यावर संशय माणसाकडे वळला. गुजरातमध्ये कर कमी असल्याने पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त मिळते. सीमेलगतचे पुष्कळ लोक पलीकडे जाऊन टाकी भरतात. यावरून तर्क रचला गेला की, चालक कोठून तरी स्वस्तातले भेसळीचे पेट्रोल घेतो आणि फरक खिशात घालतो. हे बोलणे पेढीवर, हमालांच्या देखत झाले. दिवाळीनंतर दुसरा माणूस पाहावा, असेही ठरत आले. चालक दाराशीच उभा होता. तो काही बोलला नाही.

तेव्हा वृद्ध मुनीमजींनी वहीतून डोके वर काढले. “शेठ, ही रक्कम कोणत्या पावतीवर त्याच्या नावे टाकली?” एवढेच त्यांनी विचारले. उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी गाडी तलासरीच्या एका मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्रीने प्रथम पाना उचललाच नाही, प्रश्न विचारले. सुरू झाल्यावर किती वेळाने बंद पडते? थंड असताना की तापल्यावर? ॲक्सिलरेटर दाबून धरला तर चालू राहते का? शेवटच्या प्रश्नात पुष्कळसा निवाडा असतो. ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर इंजिन टिकत असेल, तर दोष बहुधा हवेच्या वाटेत, म्हणजे मळलेल्या थ्रॉटलमध्ये असतो. दाबल्यावर उलट ते अधिकच गुदमरत असेल, तर पेट्रोल कमी पडत असल्याचा संशय बळावतो. सुरू होऊन एक-दोन सेकंदांतच बंद पडत असेल आणि चावीचा दिवा लुकलुकत असेल, तर चोरीविरोधी यंत्रणा चावी ओळखत नसण्याची शक्यता असते. तेथे पेट्रोलचा संबंध नसतो. या गाडीत दुसरा प्रकार होता.

मग क्रमाने तपास झाला. टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवली. टाकीत हवा जाण्याची वाट तुंबली असती, तर झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला असता आणि गाडी सुधारली असती. तसे झाले नाही. त्यानंतर चावी एक टप्पा फिरवून मिस्त्रीने मागच्या आसनाशी कान लावला. टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणला. म्हणजे फ्यूज आणि रिले काम देत होते. काचेच्या बाटलीत पेट्रोलचा नमुना घेऊन ठेवला. पाणी असते तर तळाशी वेगळा थर दिसला असता. पेट्रोल एकसारखे, स्वच्छ राहिले. गाळण कागदावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून गेला. भेसळीच्या आरोपाला आधार उरला नाही.

शेवटी नळीतला दाब उतरवून दाबमापक जोडला. अशा गाड्यांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा उत्पादकाच्या माहितीत मिळतो. थंड इंजिनावर काटा जागेवर होता. वीस मिनिटांनी तो हळूहळू घसरू लागला आणि गाडी बंद पडली. पंपाला वीज तेव्हाही पुरेशी मिळत होती. दोष आता कोंडीत सापडला होता. पंप बाहेर काढला, तेव्हा त्याच्या तोंडाची जाळी तपकिरी गाळाने माखलेली होती आणि मोटर झिजलेली होती.

गाळ आला कोठून? २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. जुन्या टाकीच्या भिंतीला चिकटलेला मळ इथेनॉलमुळे सुटू शकतो आणि जाळीत अडकतो. परंतु मिस्त्रीने आणखी एक गोष्ट विचारली, “टाकी कधी पूर्ण भरता का?” भरत नसत. चालकाच्या हाती जास्त रक्कम नको, म्हणून पेढीचा नियम एका वेळी ५०० रुपयांच्या पेट्रोलाचा होता. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलानेच थंड राहतो. टाकी सदैव तळाला असली की तो तापतो, लवकर झिजतो. सगळा दोष एकट्या त्या सवयीचा, असे मिस्त्री म्हणाला नाही. पण सवयीने भर घातली, एवढे त्याने सांगितले. ज्या अविश्वासापोटी नियम केला होता, त्याचाही वाटा त्या बिघाडात होता.

टाकी धुतली, नवा पंप आणि जाळी बसली, काटा तापल्यावरही जागेवर राहिला. शेठ परतले आणि दुसऱ्या दिवशी हमालांच्या देखतच चालकाला म्हणाले, “दादा, पेट्रोल चोख होते. बोललो ते चुकीचे होते.” चारचौघांत घेतलेला संशय एकांतात मागे घेता येत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ५०० रुपयांचा नियम रद्द झाला. आता गाडीत एक वही असते. तारीख, किलोमीटर, पेट्रोल आणि बिघाडाची लक्षणे चालक स्वतः लिहितो.

आपल्या घरची गाडी सुरू होऊन बंद पडू लागली, तर आधी ती केव्हा, किती वेळाने आणि कोणत्या स्थितीत बंद पडते ते लिहून ठेवावे; मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो. दाब मोजल्याशिवाय पंप बदलू देऊ नये. टाकी निदान पाव भरलेली ठेवावी. पेट्रोलाची शंका आली, तर पेट्रोल पंपावर गाळण कागदाची आणि मापाची शंका असल्यास ५ लिटरच्या प्रमाणित मापाची चाचणी मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे. महामार्गावर अडकल्यास १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. आणि गाडी ज्याच्या हाती असते त्याला प्रथम विचारावे. ती रोज कशी वागते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.